मेंदूत पुन्हा गाठी दिसल्यावर: दुसरी रेडिओसर्जरी की दुसरा मार्ग?

फुफ्फुसाच्या कॅन्सरवर उपचार चालू असताना मेंदूतील एक-दोन गाठींवर रेडिओसर्जरी होते, रुग्ण घरी येतो, हळूहळू हिंडू-फिरू लागतो, आणि काही महिन्यांनी तपासणीच्या एमआरआयमध्ये पुन्हा काहीतरी दिसते. बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडच्या कुटुंबाला या टप्प्यावर सहसा एकाहून अधिक मते ऐकायला मिळतात. हुबळीत एक सांगितले जाते, मिरज-कोल्हापूरकडे दुसरे, आणि मुंबईला किंवा बंगळूरला फाइल पाठवली की तिसरे. अशा वेळी कोणीतरी चुकीचे सांगत असणार असा नातेवाइकांचा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा प्रत्येक डॉक्टरने निरनिराळ्या प्रश्नाचे उत्तर दिलेले असते, कारण ‘गाठ पुन्हा आली’ या एका वाक्यात दोन-तीन वेगवेगळ्या परिस्थिती सामावलेल्या असतात. उपचारांची तुलना त्यांची उकल झाल्यानंतरच करता येते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. गाठी नव्या जागी असतील, लहान आणि मोजक्या असतील, छातीतील व इतर अवयवांतील आजार आटोक्यात असेल आणि रुग्ण स्वतःचे व्यवहार स्वतः करत असेल, तर दुसरी रेडिओसर्जरी हाच पहिल्यांदा विचारात घेण्याचा पर्याय आहे आणि संपूर्ण मेंदूला रेडिएशन हा राखून ठेवण्याचा. मात्र गाठ पूर्वी किरण दिलेल्या त्याच जागी वाढलेली दिसत असेल, तर तेथे लगेच होकार देऊ नये. खाली जे लिहिले आहे ते या दोन विधानांची कारणे आणि त्यांचे अपवाद आहेत. रुग्णाची चित्रे प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरांच्या निर्णयाची जागा ते घेऊ शकत नाही.

आधी जागा पाहावी

रेडिओसर्जरीत कवटी उघडली जात नाही. अनेक दिशांनी येणारे बारीक किरण एका बिंदूवर असे एकवटवले जातात की गाठीला मोठी मात्रा मिळते आणि तिच्या कडेपासून काही मिलिमीटरवर ती झपाट्याने उतरते. ही कल्पना स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये मांडली. या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा एकाच गोष्टीत आहे: जेथे किरण जातात तेथेच परिणाम होतो. मेंदूच्या उर्वरित भागात त्या दिवशी डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी असतील तर त्यांना काहीच होत नाही. म्हणून पहिल्या रेडिओसर्जरीनंतर वर्षभरात सुमारे निम्म्या रुग्णांच्या मेंदूत अन्यत्र नव्या गाठी दिसतात. पहिला उपचार फसल्याचे ते लक्षण नव्हे. रेडिओसर्जरी निवडताना ही शक्यता स्वीकारलेलीच असते, फक्त ती रुग्णाच्या घरच्यांना पुरेशा स्पष्टपणे सांगितली जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

नवी गाठ नव्या जागी असेल तर तेथील मेंदूने पूर्वी फारसे किरण घेतलेले नसतात, त्यामुळे दुसरी रेडिओसर्जरी त्या जागेपुरती जवळजवळ पहिलीसारखीच असते. जुन्याच जागी वाढ दिसत असेल, तर तेथील निरोगी पेशी आणि रक्तवाहिन्या आपल्या सहनशक्तीचा बराच भाग खर्च करून बसलेल्या असतात. शिवाय ती वाढ कॅन्सरची आहे की किरणांच्या परिणामाची, हेही निश्चित नसते. एमआरआयचा अहवाल हातात आल्यावर डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच हा असावा की दिसणारी प्रत्येक गाठ मागच्या उपचाराच्या क्षेत्रात आहे की बाहेर.

गाठी नव्या जागी असतील तेव्हा

येथे खरी तुलना दुसरी रेडिओसर्जरी आणि संपूर्ण मेंदूला रेडिएशन यांची असते. संपूर्ण मेंदूचे रेडिएशन बहुधा ३० ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) मात्रेचे, दहा भागांत, म्हणजे शनिवार-रविवार वगळून दोन आठवडे चालते. अशक्त रुग्णाला २० ग्रे पाच भागांतही देतात. रेडिओसर्जरी एका दिवसात किंवा गाठ मोठी असल्यास तीन ते पाच दिवसांत आटोपते. दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या सर्व गाठींवर एकदम काम होते हा संपूर्ण मेंदूच्या रेडिएशनचा मोठा गुण, आणि त्याची किंमत स्मरणशक्ती, एकाग्रता व थकव्याच्या रूपाने चुकवावी लागते हा त्याचा मोठा दोष.

ही किंमत किती असते याचे मोजमाप झालेले आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत एक ते तीन गाठी असलेल्या २१३ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला केवळ रेडिओसर्जरी दिली, दुसऱ्याला रेडिओसर्जरीबरोबर संपूर्ण मेंदूचे रेडिएशनही दिले. तीन महिन्यांनी बौद्धिक क्षमतेत घसरण आढळली ती पहिल्या गटात ६३.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ९१.७ टक्के रुग्णांमध्ये. मेंदूतील आजारावरचे नियंत्रण मात्र त्याच काळात दुसऱ्या गटात चांगले होते, साधारण ९४ टक्के विरुद्ध ७५ टक्के. तरीही आयुष्याच्या लांबीत फरक पडला नाही. या तीन आकड्यांवर कुटुंबाने शांतपणे विचार करावा, कारण संपूर्ण वाद त्यांच्यातच आहे: अधिक नियंत्रण मिळते, आयुष्य वाढत नाही आणि डोके मंदावते. हेही लक्षात असू द्यावे की केवळ रेडिओसर्जरी घेतलेल्यांमध्येही घसरण होती. मेंदूतील कॅन्सर, औषधे आणि चिंता यांचाही त्यात वाटा असतो.

किती गाठींपर्यंत रेडिओसर्जरी करावी, याचे पूर्वीचे उत्तर तीन-चार असे ठरलेले होते आणि काही ठिकाणी अजूनही तेच ऐकायला मिळते. जपानमधील २०१४ च्या मोठ्या पाहणीने त्याला धक्का दिला. त्यातील ११९४ रुग्णांपैकी बहुतेकांचा मूळ कॅन्सर फुफ्फुसाचाच होता, आणि दोन ते चार गाठी असलेले व पाच ते दहा गाठी असलेले रुग्ण केवळ रेडिओसर्जरीनंतर सारखेच, म्हणजे सरासरी १०.८ महिने जगले. मात्र त्यात सर्व गाठींचे मिळून आकारमान १५ मिलिलिटरच्या आत असण्याची अट होती. त्यामुळे नऊ गाठी ऐकून धीर सोडण्याचे कारण नाही, आणि दोनच गाठी ऐकून निर्धास्त होण्याचेही नाही, कारण तीन सेंटिमीटरच्या दोन गाठी ज्वारीच्या दाण्याएवढ्या नऊ गाठींपेक्षा कितीतरी अवघड असतात.

संख्येपेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो वेग. पहिल्या रेडिओसर्जरीनंतर किती नव्या गाठी आल्या, त्या संख्येला लोटलेल्या वर्षांनी भागले की वर्षाला किती गाठी येत आहेत ते कळते. सहा महिन्यांत दोन नव्या गाठी आल्या असतील तर वेग वर्षाला चार. दोन महिन्यांत सहा आल्या असतील तर छत्तीस. २०१७ मध्ये मांडलेल्या या मोजणीत वर्षाला चारपेक्षा कमी, चार ते तेरा आणि तेराहून अधिक असे तीन गट केले जातात, आणि वेग जितका जास्त तितके पुढचे आयुष्य कमी व संपूर्ण मेंदूच्या रेडिएशनची गरज लवकर, असे आढळते. हा हिशेब कुटुंबाला जुन्या-नव्या अहवालांवरून घरीही करता येतो.

समजा, खानापूर तालुक्यातील एका साठीच्या बाईंच्या तीन गाठींवर गेल्या वर्षी रेडिओसर्जरी झाली, त्या गाठी आटोक्यात आल्या, आणि दहा महिन्यांनी दोन नव्या, सात-आठ मिलिमीटरच्या गाठी दिसल्या. त्या बाई घरचा स्वयंपाक करतात, नातवंडांचा अभ्यास घेतात आणि छातीचा सीटी स्थिर आहे. येथे दुसरी रेडिओसर्जरी सोडून संपूर्ण मेंदूला रेडिएशन देण्यास मला तरी कारण दिसत नाही. आता समजा, चिकोडीकडच्या एका गृहस्थांना दीड महिन्यातच आठ नवे ठिपके आले, यकृतातही आजार वाढला आणि चालताना तोल जाऊ लागला. येथे प्रत्येक ठिपक्यामागे धावण्यात अर्थ नाही. संपूर्ण मेंदूचे रेडिएशन किंवा औषधातील बदल यांचा विचार आधी व्हायला हवा. बहुतेक रुग्ण या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात, आणि तेथे पुढच्या एमआरआयला वेळेवर येण्याची तयारी आहे का हाही निर्णयाचाच भाग ठरतो. जो रुग्ण दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीला येणार नाही, त्याच्यासाठी रेडिओसर्जरीचा अर्धा फायदा वाया जातो.

संपूर्ण मेंदूचे रेडिएशन नाकारतानाही काही अपवाद स्पष्ट ठेवावेत. मेंदूच्या आवरणात किंवा मेंदूभोवतीच्या पाण्यात कॅन्सर पसरला असेल, बाजरीसारखे असंख्य ठिपके असतील, तर रेडिओसर्जरी उपयोगाची नाही. स्मॉल सेल प्रकारच्या कॅन्सरमध्ये नव्या गाठी भराभर येतात, म्हणून तेथे संपूर्ण मेंदूच्या रेडिएशनकडे कल अधिक राहिला आहे, जरी निवडक रुग्णांत तेथेही आता रेडिओसर्जरी होऊ लागली आहे. आणि संपूर्ण मेंदूचे रेडिएशन द्यावेच लागले, तर स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग वाचवून ते देता येईल का आणि सोबत मेमॅन्टिन ही गोळी सुरू करता येईल का, हे अवश्य विचारावे. ५१८ रुग्णांच्या चाचणीत या दोहोंच्या जोडीने बौद्धिक घसरणीचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला, आणि आजारावरचे नियंत्रण ढळले नाही. ज्यांना आधीच एकदा संपूर्ण मेंदूचे रेडिएशन झालेले आहे त्यांच्यासाठी ही तुलना बरीचशी संपलेली असते. पुन्हा किरण द्यायचे तर रेडिओसर्जरी हाच मुख्य मार्ग उरतो.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. वर दिलेल्या चाचण्या मुख्यतः पहिल्या उपचाराच्या वेळच्या आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीबद्दलची माहिती बहुतांशी रुग्णालयांनी आपल्या जुन्या नोंदी तपासून काढलेली आहे, आणि अशा नोंदींत ज्यांची प्रकृती मुळात बरी होती तेच दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचलेले असतात. आकडे चांगले दिसण्यामागे हेही एक कारण आहे.

गाठ जुन्याच जागी वाढली असेल तेव्हा

रेडिओसर्जरीनंतर सहा महिने ते दीड वर्ष या काळात जुनी जागा एमआरआयवर मोठी दिसू लागणे, कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेले द्रव्य) घेऊन उजळ दिसणे आणि भोवती सूज येणे, हे दोन कारणांनी होते. एक तर कॅन्सर परतलेला असतो, किंवा किरणांमुळे तेथील ऊती मृत होऊन सूज आलेली असते, ज्याला रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात. साध्या एमआरआयवर दोन्ही इतके सारखे दिसतात की अनुभवी डॉक्टरही एकाच चित्रावरून ठामपणे बोलत नाहीत. उपचार मात्र पूर्णपणे उलट आहेत: कॅन्सरला किरण हवेत, आणि नेक्रोसिसवर आणखी किरण देणे म्हणजे इजा वाढवणे. दुसऱ्या रेडिओसर्जरीतील सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे.

म्हणून येथे पहिली तुलना उपचारांची नसून तपासण्यांची आहे. परफ्यूजन एमआरआयमध्ये गाठीतील रक्तप्रवाह पाहतात. कॅन्सरमध्ये तो सहसा वाढलेला आणि नेक्रोसिसमध्ये कमी असतो. स्पेक्ट्रोस्कोपीत रासायनिक घटकांचे प्रमाण पाहतात. नेहमीच्या ग्लुकोजवर आधारित पेट स्कॅनचा मेंदूत उपयोग मर्यादित आहे, कारण निरोगी मेंदू स्वतःच भरपूर ग्लुकोज खातो. अमिनो आम्लावर आधारित पेट त्यापेक्षा बरा, पण तो मोजक्या शहरांतच होतो. यांपैकी एकही तपासणी शंभर टक्के खात्री देत नाही. रुग्णाला त्रास नसेल तर सहा ते आठ आठवडे थांबून पुन्हा एमआरआय काढणे हा पर्याय नातेवाइकांना दिरंगाईसारखा वाटतो, तरी तो बऱ्याचदा शहाणपणाचा असतो. त्रास असेल आणि गाठ पोहोचण्यासारख्या जागी असेल, तर शस्त्रक्रियेने ती काढणे हा निदान आणि उपचार दोन्ही एकदम करणारा मार्ग आहे. तीन सेंटिमीटरहून मोठी, दाब आणणारी गाठ असेल तर मला शस्त्रक्रियेचे पारडे जड वाटते.

नेक्रोसिस ठरला तर आधी डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारे स्टेरॉइड देतात. ते पुरेसे न पडल्यास बेव्हासिझुमॅब हे इंजेक्शन देण्याचा मार्ग आहे; ते सूज चांगली उतरवते. परंतु फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये येथे एक अडचण असते. स्क्वॅमस प्रकारचा कॅन्सर असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल, तर या औषधाने फुफ्फुसात गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. मेंदूचे डॉक्टर आणि छातीच्या कॅन्सरचे डॉक्टर निरनिराळ्या गावी असतील तर ही गोष्ट दोघांच्या मधल्या फटीत निसटू शकते. रक्त पडल्याची गोष्ट नातेवाइकांनी स्वतःहून सांगावी.

कॅन्सरच परतला आहे असे ठरले आणि शस्त्रक्रिया शक्य नसेल, तर त्याच जागी दुसरी रेडिओसर्जरी करता येते. ही गोष्ट अगदी नवी नाही. आज जगभर वापरली जाणारी मात्रेची जी मर्यादा आहे, म्हणजे दोन सेंटिमीटरपर्यंत २४ ग्रे, दोन ते तीन सेंटिमीटरला १८ ग्रे आणि तीन ते चार सेंटिमीटरला १५ ग्रे, ती मुळात आधी रेडिएशन झालेल्या रुग्णांवरील अमेरिकी अभ्यासातूनच ठरली. तो २००० साली प्रसिद्ध झाला. मात्र त्या रुग्णांचे पहिले रेडिएशन आजच्यासारखे एकाच बिंदूवर एकवटलेले नव्हते, म्हणून तो आधार जपून घ्यावा लागतो. अलीकडे अशा वेळी एका दिवसाऐवजी तीन दिवसांत २७ ग्रे किंवा पाच दिवसांत ३० ग्रे अशी विभागून मात्रा देण्याकडे कल आहे, जेणेकरून निरोगी ऊतींना मधल्या वेळेत सावरता यावे. उपलब्ध नोंदींत वर्षअखेर साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश गाठी आटोक्यात राहतात, आणि नेक्रोसिसचे प्रमाण दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही अधिक आढळते.

डॉक्टरांशी बोलताना एक आकडा विचारता येतो: गाठ धरून मेंदूचा एकूण किती भाग १२ ग्रे किंवा त्याहून अधिक मात्रा घेणार आहे. एका दिवसाच्या रेडिओसर्जरीत हे आकारमान ५ मिलिलिटर असल्यास त्रासदायक नेक्रोसिसचा धोका सुमारे १० टक्के, १० मिलिलिटरला १५ टक्के आणि १५ मिलिलिटरपुढे २० टक्के, असा ढोबळ अंदाज आहे, आणि तो पहिल्या वेळेसाठी आहे. दुसऱ्या वेळी दोन्ही उपचारांची मात्रा एकमेकांवर ठेवून हिशेब करावा लागतो. तो हिशेब केला आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

औषध बदलून किरण टाळता येतील का

निपाणी परिसरात तंबाखूची शेती आणि विडी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अर्थकारण आहे, त्यामुळे फुफ्फुसाचा कॅन्सर म्हटला की कारण ठरलेलेच आहे असे मानून पुढे जाण्याची सवय आपल्याकडे पडलेली आहे. या सवयीमुळे एक तपासणी मागे राहते. कधीही विडीला हात न लावलेल्या, विशेषतः अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारचा कॅन्सर झालेल्या स्त्रियांत ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांतील बदल सापडण्याची शक्यता बरीच असते. भारतातील अ‍ॅडिनोकार्सिनोमात ईजीएफआरचा बदल सुमारे एक चतुर्थांश किंवा त्याहून थोड्या अधिक रुग्णांत आढळतो. धूम्रपान केलेल्यांतही तो सापडतो, म्हणून अ‍ॅडिनोकार्सिनोमा असेल तर चाचणी सर्वांचीच व्हावी.

याचा रेडिओसर्जरीशी संबंध असा की ओसिमर्टिनिब, अलेक्टिनिब, लोरलाटिनिब यांसारख्या गोळ्या मेंदूत चांगल्या पोहोचतात. रुग्ण अजून जेफिटिनिबसारख्या जुन्या गोळीवर असेल किंवा योग्य गोळी सुरूच झाली नसेल, आणि नव्या गाठी लहान व त्रास न देणाऱ्या असतील, तर औषध बदलून सहा-आठ आठवड्यांनी एमआरआय पाहणे आणि रेडिओसर्जरी हातची राखून ठेवणे योग्य ठरू शकते. उलट, रुग्ण आधीच चांगल्या गोळीवर असेल, छाती-पोट स्थिर असेल आणि फक्त मेंदूत एक-दोन गाठी वाढल्या असतील, तर गोळी न बदलता तेवढ्याच गाठींवर रेडिओसर्जरी करणे अधिक शहाणपणाचे, कारण चालणारे औषध दोन गाठींसाठी सोडून दिले की ते पुन्हा उपयोगी पडेलच असे नाही. अशा रुग्णांचे आयुष्यही आता पूर्वीसारखे महिन्यांत मोजण्याचे राहिलेले नाही. २०१७ च्या एका वर्गीकरणात अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या सर्वांत अनुकूल गटाचे मेंदूत आजार पसरल्यानंतरचे सरासरी आयुष्य चार वर्षांच्या जवळ आले होते. इतकी वर्षे जगणाऱ्याच्या स्मरणशक्तीचा प्रश्न गौण मानता येत नाही. इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारे औषध) चालू असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: तिच्यामुळे नेक्रोसिसचा धोका वाढत असल्याचे काही नोंदींत दिसते, आणि जास्त मात्रेतील डेक्सामेथासोनने तिचा परिणाम कमी होऊ शकतो.

कोठे करावे

गामा नाइफ, सायबरनाइफ आणि साधा लिनॅक या रेडिओसर्जरीच्या यंत्रांच्या तुलनेत लोक फार वेळ घालवतात. गामा नाइफमध्ये कोबाल्ट-६० चे स्रोत असतात, नव्या यंत्रांत १९२; सायबरनाइफमध्ये छोटे यंत्र रोबोच्या हातावर फिरते; लिनॅक हे नेहमीचे रेडिएशन यंत्र असून त्यात किरणांना आकार देणाऱ्या बारीक पट्ट्यांची योग्य सोय असेल तर तेही हे काम करते. गामा नाइफसाठी तेवढ्या जागेपुरती भूल देऊन कपाळावर दोन आणि मागे दोन अशा चार स्क्रूंनी चौकट बसवण्याची जुनी पद्धत आहे. इतर ठिकाणी जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवतात. तो काही मिनिटांत थंड होऊन चेहऱ्याचा आकार घेतो आणि तोच मुखवटा उपचाराच्या वेळी टेबलाला पक्का केला जातो. कोंडल्यासारखे वाटणाऱ्या रुग्णाने हे आधी सांगावे. परिणामांच्या दृष्टीने यंत्राच्या नावापेक्षा ते चालवणाऱ्या चमूचा अनुभव आणि एमआरआयचा दर्जा मोठा. नियोजनाचा एमआरआय एक मिलिमीटरच्या कापांचा, कॉन्ट्रास्ट देऊन काढलेला आणि शक्यतो दोन आठवड्यांच्या आतला असावा. दीड महिन्यापूर्वीच्या चित्रावर नेम धरणे योग्य नाही.

दुसऱ्या फेरीसाठी माझ्या मते सर्वांत मोठा निकष असा: पहिला उपचार जेथे झाला तेथेच शक्य असेल तर तेथेच जावे, कारण जुनी योजना त्यांच्या संगणकात असते. दुसरीकडे जायचे असेल तर पहिल्या रुग्णालयातून केवळ डिस्चार्जचा कागद आणि एमआरआयची फिल्म घेऊन निघू नये. रेडिएशन विभागाच्या फिजिसिस्टकडे जाऊन डायकॉम आरटी या संगणकीय स्वरूपात चार गोष्टी सीडीवर मागाव्यात: नियोजनाची चित्रे, गाठी व अवयवांच्या आखलेल्या सीमा, योजना आणि मात्रेचे वितरण. छापील अहवालात ‘उजव्या फ्रंटल भागात २० ग्रे’ एवढेच असते, आणि त्यावरून नव्या ठिकाणच्या डॉक्टरांना दोन मात्रांची बेरीज करता येत नाही. ही सीडी न मिळाल्यामुळे नवी टीम सावधगिरीने मात्रा कमी करते किंवा उपचारच नाकारते.

अंतराचा हिशेब वाटतो तितका सरळ नाही. बेळगावहून हुबळी सुमारे शंभर किलोमीटरवर आहे आणि बंगळूर पाचशेच्या आसपास, जेथे निम्हान्स या मेंदूविकारांच्या संस्थेत गामा नाइफ आहे. खानापूरहून बेळगावला दोन आठवडे रोज येऊन संपूर्ण मेंदूचे रेडिएशन घेणे आणि एकदाच बंगळूरला जाऊन रेडिओसर्जरी करून येणे, यांत प्रवासाच्या दृष्टीने दुसरेच सोपे पडू शकते; पुढच्या तपासणीचे एमआरआय मात्र बेळगावातच काढून पाठवता येतील का ते ठरवून घ्यावे. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री टिअर एसी वर्गात मूळ भाडे पूर्ण माफ असते आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र लागते. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीत जाणाऱ्यांना याचा उपयोग होतो.

पैशांबाबत, आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आणि इतरांना पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखांपर्यंत मदत आहे. तातडीचे प्रसंग सोडता सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र आधी घ्यावे लागते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ देण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटकाने त्यावर आक्षेपही घेतला. या राजकारणात न पडता कोल्हापूर-मिरजेकडे जाणाऱ्याने त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) थेट तीन गोष्टी विचाराव्यात: आपले गाव यादीत चालते का, रेडिओसर्जरीचे पॅकेज आहे का, आणि त्याच रुग्णाला ते दुसऱ्यांदा मंजूर होते का. तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो.

काहीच न करण्याचा पर्याय

रुग्ण बहुतेक वेळ अंथरुणातच असेल, शरीरातील आजार औषधांना दाद देत नसेल, तर दोन्ही प्रकारचे किरण न देणे हाही वैद्यकीय निर्णय आहे. ब्रिटन-ऑस्ट्रेलियातील २०१६ च्या चाचणीत शस्त्रक्रिया किंवा रेडिओसर्जरीस योग्य नसलेल्या, फुफ्फुसाच्या नॉन-स्मॉल सेल कॅन्सरच्या ५३८ रुग्णांपैकी निम्म्यांना डेक्सामेथासोनसह संपूर्ण मेंदूचे रेडिएशन दिले आणि निम्म्यांना रेडिएशन न देता डेक्सामेथासोन व त्रास कमी करणारी शुश्रूषा. सरासरी आयुष्य ९.२ आठवडे विरुद्ध ८.५ आठवडे निघाले आणि जगण्याच्या दर्जात लक्षणीय फरक आढळला नाही. अशा रुग्णाला घरी ठेवताना डेक्सामेथासोन सकाळी खाऊन झाल्यावर द्यावे, मधुमेह असल्यास साखर वारंवार तपासावी, तोंडात पांढरे चट्टे दिसल्यास कळवावे, फिट येऊन गेली असेल तर त्यावरची गोळी चुकवू नये, आणि डेक्सामेथासोन मनाने एकदम कधीही बंद करू नये. ते डॉक्टरांनी लिहून दिलेल्या क्रमाने हळूहळू उतरवायचे असते.